ओसरीवरील दिवा

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर अनोका नावाचे एक गाव आहे. वस्ती जेमतेम १८,००० ची. रम नावाची लहान नदी येथे मिसिसिपी या महानदीला येऊन मिळते. गावाचे नाव डाकोटा या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले असून ‘नदीच्या दोन्ही तीरांवर’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. एकेकाळी वरच्या अरण्यातून लाकडाचे ओंडके नदीतून वाहत येत आणि येथील गिरण्यांत त्यांच्या फळ्या कापल्या जात. त्या गिरण्या आता उरल्या नाहीत. परंतु विटांच्या जुन्या इमारती, त्यांच्या तळमजल्यावरील दुकाने आणि मधून जाणारा मेन स्ट्रीट हा हमरस्ता त्या काळाची आठवण देत उभे आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस मेपलच्या झाडांची लाल-पिवळी पाने अंगणांत पडू लागतात आणि पहाटे गवतावर दहिवर गोठते. याच दिवसांत हे शांत गाव गजबजून जाते. ३१ ऑक्टोबरला येणाऱ्या हॅलोविन या सणाची जागतिक राजधानी असे बिरुद ते अभिमानाने मिरविते.

हॅलोविन म्हणजे ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनाची, १ नोव्हेंबरची, पूर्वसंध्या. आयर्लंड आणि स्कॉटलंड येथून आलेल्या लोकांनी हा सण अमेरिकेत आणला. हिवाळ्याच्या उंबरठ्यावर मृतात्मे भूतलावर येतात, अशी त्यामागची जुनी लोकसमजूत. श्रद्धेचा तो भाग आता बहुतेकांच्या मनातून गेला आहे. उरली आहे ती मुलांची मौज. लाल भोपळे पोखरून त्यांत दिवे ठेवतात. मुले भुतांची, राजकन्यांची, अंतराळवीरांची सोंगे घेतात आणि संध्याकाळी दारोदार जाऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असा पुकारा करतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, असा त्याचा अर्थ. घरची मंडळी दार उघडून मुलांच्या पिशवीत गोळ्या-चॉकलेटे टाकतात. महाराष्ट्रात आश्विनात भोंडल्याच्या मुली एका घरून दुसऱ्या घरी जातात आणि खिरापत ओळखून खातात. होळीच्या आधी मुले शेजाऱ्यांच्या गोवऱ्या आणि लाकडे पळवितात. या दोहोंचे मिश्रण केले म्हणजे हॅलोविनची कल्पना येते.

आज ‘खोडी काढू’ ही धमकी नावापुरतीच राहिली आहे. शंभर वर्षांपूर्वी ती खरी होती. त्या काळी हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी अनोकाचे रहिवासी झोपेतून उठून पाहत, तो गोठ्यांतून सोडलेल्या गाई मेन स्ट्रीटवर हिंडत असत, दुकानांच्या काचा साबणाने माखलेल्या असत आणि परसातील शौचकूप आडवे झालेले असत. नुकसान व्यापाऱ्यांचे होई आणि मनस्ताप सर्वांना. यावर उपाय काय? दुकानांना जाड फळ्या ठोकाव्यात, पहारेकरी नेमावेत, पोरांना धरून चोप द्यावा, हे सरळ सुचणारे मार्ग होते. अनोकाच्या व्यापाऱ्यांनी आणि जाणत्या नागरिकांनी १९२० साली निराळा मार्ग काढला. ज्या रात्री मुले अंधारात खोड्या काढतात, त्याच रात्री त्यांना उजेडात बोलवावे, असे त्यांनी ठरविले. गावाने मिरवणूक काढली, मुलांनी सोंगे घेऊन तीत भाग घेतला आणि त्यांना खाऊ वाटण्यात आला. खोड्या काढायला मुलांना सवडच उरली नाही. खोड्यांना वळण लावण्यासाठी असा सार्वजनिक उत्सव करणारे अमेरिकेतील आपणच पहिले गाव, असे अनोका मानते.

पुढे १९३७ साली वर्तमानपत्रे टाकणारा गावातील १२ वर्षांचा एक मुलगा वॉशिंग्टनला गेला आणि अनोकाला ‘हॅलोविनची जागतिक राजधानी’ म्हणावे असा जाहीरनामा सोबत घेऊन गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ आणि १९४३ या दोन वर्षी, उत्सव थांबला. एरवी तो अखंड चालू राहिला. आजही मेन स्ट्रीटवर मिरवणुका निघतात. त्यांतील शाळकरी मुलांच्या मिरवणुकीचे नावच ‘चिमुकल्यांची मोठी मिरवणूक’ असे आहे. त्या वेळी रस्ता वाहनांना बंद असतो आणि दुतर्फा आजी-आजोबा घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. हा सारा खटाटोप स्वयंसेवकांच्या बळावर चालतो.

मिरवणूक मात्र हमरस्त्यावर असते. मुलांची खरी यात्रा सुरू होते ती संध्याकाळी, आपापल्या गल्लीत. तेथे रस्ता बंद नसतो. वाहने घरी परतत असतात. पाने पडून पादपथ निसरडे झालेले असतात. अंगावर लांब झगे, तोंडावर मुखवटे आणि हातात पिशव्या घेतलेली लहान मुले या घरातून त्या घराकडे धावत असतात. त्यांना सुरक्षित ठेवण्याचे काम पोलिसांच्या एखाद्या गाडीने होणारे नाही. ते शेजाऱ्यांनाच करावे लागते, आणि त्यासाठी अमेरिकेतील गल्ल्यांनी हळूहळू एक अलिखित शिस्त बसविली आहे.

या शिस्तीचा पहिला नियम दिव्याचा. ज्या घराच्या ओसरीवर दिवा लागलेला असेल, त्या घरी मुलांनी जावे; दिवा मालवलेला असेल तर दार ठोठावू नये. घरात कोणी आजारी असेल, तान्हे मूल झोपलेले असेल किंवा सणाची आवड नसेल, तर कारण सांगावे लागत नाही. दिवा म्हणजे निमंत्रण. तसेच ‘या उंबरठ्याशी मी जागा आहे’ अशी ग्वाहीही.

मिनेसोटात या दिव्याला आणखी एक अर्थ आहे आणि तो दुःखाचा आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात, हॅलोविनला नऊ दिवस उरले असताना, याच राज्यातील एका छोट्या गावातून ११ वर्षांच्या मुलाला एका मुखवटाधारी माणसाने पळवून नेले. मूल परत यावे म्हणून राज्यभरातील लोकांनी ओसरीवरील दिवे तेवत ठेवले. त्याचा शोध लागला तो २७ वर्षांनी, २०१६ साली. तेव्हा त्याचे अवशेषच हाती आले. त्या बातमीनंतर पुन्हा एकदा घरोघरी दिवे लागले. मुलांना दारोदार पाठविताना येथील आईवडिलांच्या मनात भीतीची एक सावली का असते, हे यावरून कळते.

भीतीला आणखीही खतपाणी मिळाले. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सास राज्यात आठ वर्षांचा एक मुलगा विषारी गोळी खाऊन दगावला. १९८२ साली शिकागो परिसरात औषधाच्या कुपीत कोणी विष मिसळल्याने सात जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून अनोळखी घरचा खाऊ म्हणजे संकट, अशी धास्ती पसरली. काही रुग्णालयांनी तर मुलांच्या पिशव्या क्ष-किरणांखाली तपासून देण्याची सोय केली. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी मात्र १९५८ पासूनच्या वृत्तपत्रीय बातम्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याचे एकही खरे उदाहरण त्यांना आढळले नाही. टेक्सासमधील त्या मुलाला विष देणारा त्याचा स्वतःचाच पिता होता, विम्याच्या पैशांसाठी.

मग खरा धोका कोठे आहे? तो रस्त्यावर आहे. कॅनडातील संशोधकांनी १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील अमेरिकेच्या अपघातांची नोंद तपासली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध केली. हॅलोविनच्या ४२ संध्याकाळी ६०८ पादचारी वाहनाखाली सापडून मरण पावले. तुलनेसाठी त्यांनी प्रत्येक वर्षी आठवडाभर आधीची आणि आठवडाभर नंतरची अशा एकूण ८४ संध्याकाळी पाहिल्या. त्यांत ८५१ मृत्यू होते. म्हणजे हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी वाढलेला असतो. ४ ते ८ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर तो दहापट होतो. सर्वांत घातक वेळ दिसली ती सायंकाळी सहाच्या सुमाराची.

सायंकाळचे सहा. मिनेसोटात ३१ ऑक्टोबरला सूर्यास्त याच वेळी होतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी पाने वाढली जातात, त्या घरांना या वेळेचे महत्त्व निराळे सांगायला नको. रात्रिभोजनाचा त्याग का करावा, असे नातवाने विचारले तर आजी सोपे उत्तर देते: अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याची हिंसा नकळत घडते. गाडी चालविणाऱ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. त्याच्या मनात कोणाला इजा करण्याचा विचारही नसतो. तो कामावरून थकून घरी येत असतो. काळ्या झग्यातील सहा वर्षांचे मूल दोन उभ्या गाड्यांमधून अचानक रस्त्यावर येते आणि त्याला दिसत नाही, एवढेच. हेतू निर्मळ असूनही प्रमादामुळे हिंसा घडते, हे जैन आचार्यांनी फार पूर्वी ओळखले होते. म्हणूनच मुनींना ईर्यासमिती सांगितली गेली: चालताना पुढची चार हात जमीन नीट पाहून पाऊल टाकावे. श्रावकाच्या घरी हेच तत्त्व ‘जयणा’ या साध्या शब्दाने नांदते. पाणी गाळताना, धान्य निवडताना, चूल पेटविताना जयणा राखायची, हे मुली आईच्या हाताखाली शिकतात.

अमेरिकेतील गल्लीत हॅलोविनच्या संध्याकाळी शेजारी जी काळजी घेतात, तिला त्यांच्या भाषेत असा शब्द नाही. पण वृत्ती तीच आहे. सणाच्या आधी आठवडाभर शेजाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवरील गटांत निरोप फिरू लागतात. कोणत्या वेळेत मुले निघणार, कोणत्या कोपऱ्यावर दिवा बंद पडला आहे, कोणाचा कुत्रा अनोळखी माणसांवर धावतो, हे त्यांत सांगितले जाते. त्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करू नयेत, म्हणजे मुलांच्या आणि चालकांच्या दृष्टीआड काही राहणार नाही, असेही पुष्कळ ठिकाणी ठरते. अंगणातील पाण्याच्या नळ्या गुंडाळून ठेवतात, पायऱ्यांवरील ओली पाने झाडून काढतात, कुत्री आत बांधतात. उघड्या ज्योतीने लांब झगा पेटण्याचे भय असते, म्हणून पुष्कळ घरी भोपळ्यात मेणबत्तीऐवजी विजेवरचा छोटा दिवा ठेवतात.

मुलांच्या सोंगांतही बदल झाला आहे. मुखवट्याने दृष्टी अडते. म्हणून चेहरा रंगविणे अधिक बरे, असे पालक एकमेकांना सुचवितात. झग्यावर आणि पिशवीवर उजेड पडताच चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवितात. प्रत्येक टोळीबरोबर एक मोठे माणूस आणि हातात विजेरी. लहान मुलांनी अंधार पडण्यापूर्वीच फेरी उरकायची, मोठ्यांनी घोळक्याने राहायचे, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडायचा आणि एका बाजूची घरे संपल्यावरच दुसऱ्या बाजूला जायचे. ज्यांची मुले मोठी होऊन दूर गेली आहेत अशी वृद्ध मंडळी अंगणाच्या टोकाशी खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या गाडीला ती हात दाखवून हळू जायला लावतात आणि घोळक्यातून चुकलेल्या मुलाला थांबवून त्याच्या घरचे येईपर्यंत जवळ बसवून ठेवतात. या बसण्याला कोणी पहारा म्हणत नाही. पण सर्वांत मोठा पहारा तोच असतो. कारण गल्लीतील मूल कोणाचे, हे त्यांना ठाऊक असते.

या व्यवस्थेत एक मदत घड्याळाचीही झाली आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात आणि शरदात मागे घेतात. पूर्वी ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतली जात, त्यामुळे हॅलोविनच्या दिवशी पाच वाजताच अंधारू लागे. २००७ पासून ही तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेली आणि लहान मुलांना उजेडाचा एक तास अधिक मिळाला.

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात आता मराठी, गुजराती, राजस्थानी कुटुंबेही स्थिरावली आहेत. त्यांच्यापैकी जैन घरांपुढे हॅलोविन एक वेगळाच पेच उभा करतो. पिशवीत पडणाऱ्या मऊ, रबरासारख्या गोळ्यांत जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. काही गोळ्यांची चकाकी लाखेची, तर काहींचा लाल रंग कार्माइनचा असतो. दोन्ही कीटकांपासून मिळतात. शिवाय फेरी संपते तोवर सूर्य मावळलेला असतो. भोपळ्यावर चेहरा कोरणेही काहींना रुचत नाही. पिठाच्या कोंबड्याच्या बळीमुळे यशोधर राजाला भोगाव्या लागलेल्या भवांची कथा ज्यांनी बालपणी ऐकली आहे, त्यांचा हात तेथे अडखळतो. मग ओसरीवरचा दिवा मालवून घरात बसावे काय? तसे केले तर शेजारी काही म्हणणार नाहीत. पण आपली मुले काचेतून इतर मुलांकडे पाहत राहतात, आणि गल्लीतील एक उंबरठा त्या संध्याकाळी काळोखात बुडतो.

या पेचातून वाट दाखविणारी एक प्रथा अमेरिकेतच निर्माण झाली. काही मुलांना शेंगदाणे, दूध किंवा गव्हाच्या पदार्थांची इतकी बाधा होते की एखादा घास जिवावर बेतावा. त्यांच्यासाठी टेनेसी राज्यातील एका स्थानिक गटाने २०१२ साली मोरपंखी रंगाचा भोपळा दाराशी ठेवण्यास आरंभ केला आणि २०१४ पासून ती चळवळ देशभर पसरली. असा भोपळा दिसला की समजावे, या घरी खाण्याखेरीज दुसरी भेट मिळेल: पेन्सिल, चिकटचित्रे, लहानशी वही, रंगीत खडू. कोरण्याऐवजी रंगविलेला हा भोपळा जैन घराच्या ओसरीवरही शोभून दिसतो. मुनींच्या हातातील मोरपिच्छी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जीवरक्षणाच्या कामी मोरपंखी रंग योजलेला पाहून नवल वाटणार नाही. स्वतःच्या मुलांच्या पिशवीतील खाऊ घरी आल्यावर वाचून-निवडून घ्यायचा, न चालणारा खाऊ बाजूला काढायचा आणि चालणारा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर खायचा, असा क्रम लावता येतो. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लागलेले मूल पुढे दुकानातही ती वाचते.

२०२४ साली तर अमेरिकेत अमावास्येची संध्याकाळ आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या स्मरणार्थ ज्या दिवशी जैन घरांत दिवे लावतात, त्याच संध्याकाळी साऱ्या गल्लीने ओसरीवर दिवे लावले. दोन सणांचा उगम निराळा, अर्थ निराळा. त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. पण पणती ठेवून दाराशी बसलेल्या माणसाला त्या दिवशी एक काम आयतेच मिळाले होते. उंबरठ्यावर आलेल्या मुलाला पेन्सिल द्यायची आणि ते सुखरूप पुढच्या घरी पोहोचले की नाही, हे पाहत राहायचे.

मिनेसोटातील जुनी माणसे १९९१ च्या हॅलोविनची गोष्ट अजून सांगतात. त्या दिवशी दुपारपासून बर्फ पडू लागले आणि ३ नोव्हेंबरपर्यंत जुळ्या शहरांत सुमारे ७२ सेंटिमीटर थर साचला. तरीही मुले बाहेर पडली. परीचे पंख जाड कोटावर बांधले गेले, राजकन्येच्या झग्याखालून बर्फातले बूट दिसू लागले. एरवी दिव्याने मुलांना बोलवावे लागते. त्या रात्री बर्फाच्या झोतात पुढचे घर कोठे आहे, हेच त्या दिव्यावरून कळत होते.

जीवांनी एकमेकांवर उपकार करावा, हे तत्त्व उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात सांगितले. त्याची आठवण फार मोठ्या प्रसंगीच व्हावी असे नाही. १९२० साली अनोकाच्या दुकानदारांना आपल्या काचा साबणापासून वाचवायच्या होत्या. पण त्यासाठी त्यांनी मुलांना दूर लोटले नाही, जवळ बोलावले. त्यांचे नुकसान टळले आणि मुलांना मित्र मिळाले. आज त्याच मुलांची पणतवंडे मेन स्ट्रीटवरून मिरवितात.

रात्री साडेआठच्या सुमारास गल्ली शांत होऊ लागते. शेवटची टोळी घरी जाते. अंगणाच्या टोकाशी बसलेले आजोबा खुर्ची मिटून आत नेतात. मोठी माणसे एकदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहतात, पलीकडच्या शेजाऱ्याला हात हलवून खूण करतात, आणि मगच एकेका ओसरीवरचा दिवा मालवतो.